एकास बारा

ऑक्टोबर २०२३. मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात एका लग्नाची नोंद व्हायची होती. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. नवरी विराली मोदी. दिव्यांगांच्या हक्कांसाठी बरीच वर्षं काम करणारी, स्वतः व्हीलचेअर वापरणारी. सह्यांसाठी कुणी खाली यायला तयार होईना, म्हणून तिला उचलून दोन मजले वर न्यावं लागलं. जिना खडा, कठडा गंजलेला आणि ढिला. लग्नाच्या दिवशीच कुणाचा पाय घसरून मी पडले असते तर, असा प्रश्न तिने समाजमाध्यमावर विचारला आणि तो वाऱ्यासारखा पसरला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिची माफी मागितली, दुरुस्त्या करण्याचा शब्द दिला.

या गोष्टीत शोधायला गेलं तर कुणी खलनायक सापडत नाही. विवाह नोंदणीचं कार्यालय कुठल्या मजल्यावर थाटायचं हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी व्हीलचेअरवरची माणसंही लग्नं करतात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच. आपल्याकडच्या कचेऱ्या, शाळा, बँका, दवाखाने, बसथांबे बघत गेलं की हे ‘एवढंच’ जागोजागी आडवं येतं. २०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत, त्यातले सुमारे २९ लाख ६० हजार महाराष्ट्रात. यातले किती जण रोज रस्त्यावर, बाजारात, नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत दिसतात?

अशा सोयींचा विषय निघाला की पहिल्यांदा आठवतो तो रॅम्प. रॅम्प तर हल्ली सगळीकडे दिसतात, असं कुणी म्हणेल. दिसतात खरे. पण त्यांना टेप लावून बघायला हवा. रॅम्पचा चढ जास्तीत जास्त किती असावा हे राष्ट्रीय इमारत संहितेपासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांपर्यंत सगळीकडे लिहून ठेवलेलं आहे : एकास बारा. एक फूट उंची गाठायची, तर बारा फूट लांबी हवी. आता जिल्हा परिषदेची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. जोतं चार पायऱ्यांचं, म्हणजे साधारण ६०० मिलिमीटर. त्याला रॅम्प लागेल ७.२ मीटर लांबीचा, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवता येईल असा दीड मीटरचा सपाट चौथरा. एकूण दहा मीटरच्या वर गेलं. समोर तेवढी जागा नसते, किंवा असते पण तिथे झेंड्याचा कट्टा असतो. मग ठेकेदार दोन मीटरमध्ये काम उरकतो. चढ होतो एकास साडेतीनच्याही आत.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. हाताला तो वेगळाच लागतो. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो वजन धरलं, तर एकास बाराच्या चढावर खुर्ची वर ढकलायला साडेसात किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. त्या दोन मीटरच्या रॅम्पवर तोच जोर २५ किलोच्या पुढे जातो. दंडांत कितीही ताकद असली तरी तिथे खुर्चीची पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस मागच्या मागे उलटायची वेळ येते. उतरताना तर विचारूच नका. म्हणून मानकांमध्ये चढाबरोबर बाकीची मापंही येतात : दर ९ मीटरला विसावा, दोन्ही बाजूंना कठडे, चाक बाहेर घसरू नये म्हणून कडेला उंचवटा, खडबडीत पृष्ठभाग. आपल्याकडच्या पुष्कळ रॅम्पवर मात्र चकचकीत ग्रॅनाइट बसवलेलं असतं, कारण उद्घाटनाच्या फोटोत ते छान दिसतं. बिल रॅम्पच्या नगावर निघतं, चढावर निघत नाही.

कित्येक ठिकाणी तर रॅम्प नीट बांधलेला असतो आणि तो संपतो तिथे दाराचा चार इंची उंबरठा असतो. ज्या मिस्त्रीने रॅम्प केला त्याला उंबरठ्याचं काम दिलेलं नव्हतं. तुटकपणाची ही गोष्ट फक्त दारापाशी घडत नाही, ती अख्ख्या शहरभर पसरलेली आहे. घरापासून फुटपाथ, फुटपाथपासून थांबा, बस, स्टेशन, कचेरीचं दार, लिफ्ट, संडास : या साखळीतली एक कडी निसटली तरी बाकीच्या कड्यांवर केलेला खर्च पाण्यात जातो.

पुण्यात किंवा मुंबईत मेट्रोने प्रवास करणारा व्हीलचेअरवरचा माणूस स्टेशनच्या आत राजासारखा फिरतो. लिफ्ट आहे, रुंद फाटक आहे, गाडी आणि फलाट एका पातळीत आहेत. लिफ्टने खाली उतरून रस्त्यावर आलं की समोर फुटभर उंचीचा फुटपाथ, त्यावर डीपी बॉक्स, पाणीपुरीची गाडी, अर्धवट उखडलेले पेव्हर ब्लॉक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या सूचनांनुसार फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. उंची का वाढते? एक कारण अगदी घरगुती आहे. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, त्याबरोबर फुटपाथही वर जातो. शिवाय उंच ठेवला तर त्यावर गाड्या चढणार नाहीत, अशी एक समजूत. गाड्या चढायच्या त्या चढतातच. चढू शकत नाहीत त्या सत्तरीतल्या आजी.

गाड्या चढू नयेत म्हणून मुंबईत दुसरा उपाय झाला. फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब, म्हणजे बोलार्ड, रोवले गेले. दुचाकीवाले गर्दीच्या वेळी फुटपाथवरून गाड्या दामटतात हे खरंच आहे, त्यामुळे हेतूला नावं ठेवता येत नाहीत. पण काही ठिकाणी दोन खांबांमधलं अंतर इतकं कमी ठेवलं गेलं, की दुचाकीबरोबर व्हीलचेअरही अडली. शिवाजी पार्क भागातल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणाने २०२३मध्ये याबद्दल ई-मेल पाठवली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिचीच जनहित याचिका करून घेतली. महापालिकेला उत्तर द्यावं लागलं. या वादातला गाभा मजेदार आहे : व्हीलचेअरची रुंदी साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, स्कूटरच्या हँडलची रुंदीही जवळपास तेवढीच. एकीला सोडायचं आणि दुसरीला अडवायचं हे काम नुसत्या खांबाच्या अंतराने होणारं नाही. तिथे हवालदार लागतो, दंडाची पावती लागते. ते जमत नाही म्हणून लोखंड रोवलं जातं.

फुटपाथवरच्या पिवळ्या लाद्यांची कथा तर आणखी बोलकी आहे. त्या आपल्याकडे आल्या जपानमधून. ओकायामा शहरातले सेइइची मियाके यांनी १९६५ साली त्या तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी तिथल्या अंध शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. कल्पना साधी आणि पक्की. उभ्या पट्ट्यांची लादी पायाखाली लागली तर सरळ चालत राहायचं. गोल उंचवट्यांची लादी लागली तर थांबायचं, कारण पुढे जिना, चौक, फलाटाची कड किंवा वळण आहे. लादी तळव्याला आणि पांढऱ्या काठीला कळते, आणि पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी असतो. या दोन लाद्यांची लिपी येत नसलेल्या मुकादमाने त्या बसवल्या की काय होतं, हे आपल्या कुठल्याही मोठ्या शहरात दहा मिनिटं चालून बघता येतं. पट्ट्यांची रांग थेट झाडाच्या बुंध्यात जाऊन आदळते. उंचवट्यांच्या लाद्या शोभेसाठी सलग अंथरलेल्या असतात, म्हणजे अंध माणसाने प्रत्येक पावलाला थांबायचं. मॅनहोलचं झाकण आलं की ओळ तुटते आणि पलीकडे हातभर सरकून पुन्हा सुरू होते. डोळस माणसाला ती नुसती पिवळी नक्षी वाटते, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. लाद्या बसवल्यावर त्या वाटेने एका अंध माणसाला चालवून बघायचं आणि मगच बिल पास करायचं, असा नियम केला तर बरीच कामं पहिल्याच दिवशी उखडावी लागतील.

काही शहरांनी वेगळ्या दिशेने प्रयत्न केले नाहीत असं नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा एक तुकडा नव्याने आखला गेला तेव्हा फुटपाथ भरपूर रुंद झाला, बसायला बाकं आली आणि संध्याकाळी तिथे कुबड्यांवरची माणसं, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, काठी टेकत फिरणारे आजोबा सगळेच दिसू लागले. उलट दिशेचं उदाहरण म्हणजे मुंबईचे स्कायवॉक. पहिला वांद्रे पूर्वेला २००८मध्ये झाला, मग त्यांचं पेवच फुटलं. गाड्यांना खालचा रस्ता मोकळा मिळावा म्हणून चालणाऱ्यांनी दोन मजले चढायचे आणि पुन्हा उतरायचे, अशी ही योजना. बहुतेक ठिकाणी सरकता जिना किंवा लिफ्ट नव्हती. धडधाकट माणसंही खालूनच जाऊ लागली.

बसचं गणित पुन्हा उंचीचंच. शहरी बसच्या केंद्रीय मानकांत तीन जाती आहेत : मजला जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर असलेली, ६५०वर असलेली आणि ९००वर असलेली. पहिल्या जातीत दारातून छोटी फळी बाहेर टाकली की व्हीलचेअर आत जाते. मुंबईत बेस्टच्या ताफ्यात विजेवर चालणाऱ्या अशा बसक्या गाड्या आल्या. मात्र बस फुटपाथला चिकटून उभी राहिली तरच ती फळी फुटपाथवर टेकते. थांब्यासमोर रिक्षा उभ्या असल्या की चालक गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवतो, मग फळी थेट डांबरावर येते आणि तिचा चढ एकास बाराच्या जवळपासही राहत नाही. पुण्या-पिंपरीतल्या रेनबो बीआरटीमध्ये, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गांवर, थांब्याचा चौथराच बसच्या मजल्याएवढा उंच बांधला, म्हणजे पायरीच उरली नाही. नगर रस्त्यावरच्या त्या मार्गाचा काही भाग मात्र पुढे उखडण्यात आला.

एसटीचं काय? एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, राखीव आसनं आहेत. फक्त पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आहे. सवलत जाहीर करणं सोपं, तिची बातमीही होते. पायरी खाली आणायची तर गाडीचा सांगाडाच वेगळा बांधावा लागतो. त्यामुळे पंचवीस टक्क्यांचं तिकीट खिशात असलेला माणूस वाहकाच्या आणि सहप्रवाशांच्या खांद्यावरून आत चढतो.

मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा असतो आणि तो फलाटावर कुठे येणार हे अंध प्रवाशांना कळावं म्हणून बऱ्याच स्थानकांवर तिथे सतत टिंगटिंग वाजणारं यंत्र बसवलेलं आहे. ही एक साधी, स्वस्त आणि खरोखर उपयोगी सोय. त्याच फलाटांची उंची मात्र कित्येक वर्षं डब्याच्या पायदानापेक्षा बरीच खाली होती. जानेवारी २०१४मध्ये घाटकोपरला एक विद्यार्थिनी त्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, फलाट उंच करण्याच्या कामांना वेग आला. ती मुलगी पडली तेव्हा दिव्यांग नव्हती, हे इथे लक्षात घेतलेलं बरं.

शौचालयाबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही, पण दिव्यांगांना विचारलं तर घराबाहेर पडायचं की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. दिवसभराच्या कामाला निघायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बायका आहेत. याचीही मापं लिहिलेली आहेत : आतली जागा किमान १५०० बाय १७५० मिलिमीटर, दाराची मोकळी रुंदी ९००, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. बाहेरच्या बाजूला का? आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं, मदतीला जाता येत नाही. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर सरकता येतं. बाजूच्या भिंतीला आधाराचा भक्कम दांडा. आपल्या सरकारी कचेऱ्यांत अशी शौचालयं नाहीत असं नाही. त्यांत केरसुण्या, फिनेलचे डबे, मोडकी खुर्ची आणि गेल्या निवडणुकीचे फलक ठेवलेले असतात. किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो.

व्हीलचेअर हे अपंगत्वाचं ठळक चिन्ह झाल्यामुळे बाकीच्यांचा विसर पडतो, हाही एक घोळ. दिव्यांगांच्या हक्कांबद्दलच्या २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्याआधी ७ होते. कर्णबधिर माणसाला रॅम्पची गरज नाही. गाडीचा फलाट बदलल्याची सूचना फक्त भोंग्यावरून झाली तर त्याची गाडी चुकते आणि आगीची घंटा नुसती वाजली तर त्याचा जीव जाऊ शकतो. त्याला पाटीवर अक्षरं हवीत, लुकलुकणारा दिवा हवा. अंधुक दिसणाऱ्याला एकाच रंगाच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या म्हणजे एक सपाट उतार दिसतो. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळी पट्टी मारली की काम भागतं, खर्च रंगाच्या एका डब्याचा. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्यांना इंग्रजी आद्याक्षरांच्या पाट्यांपेक्षा चित्रं आणि रंगांच्या रेघा समजतात. खरं तर मोठ्या सरकारी रुग्णालयात पहिल्यांदा गेलेल्या कुणालाही तेच समजतं.

मग कायदा काय करतो? १९९५च्या पहिल्या कायद्यात अशा सोयी करायला सांगितलं होतं, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. ही पळवाट सगळ्यांनी मनसोक्त वापरली. २०१६च्या कायद्याने ती बुजवली. मानकं पाळली नसतील तर बांधकामाला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना सुधारणेसाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं. नियम जून २०१७मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२मध्ये संपली. डिसेंबर २०१५मध्ये गाजावाजा करून सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाच्या तारखाही अशाच पुढे पुढे सरकत राहिल्या. कायदा मोडला तर पहिल्या खेपेला १० हजारांपर्यंत दंड, नंतर ५० हजार ते ५ लाख. बांधकाम व्यवसायातल्या रकमा पाहता पहिला आकडा वाचून हसू येतं.

खरी गोम मात्र दंडात नव्हती. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक याचिका केली होती. तिच्यावर डिसेंबर २०१७मध्ये सविस्तर आदेश झाले, अंमलबजावणी रेंगाळली, प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे आलं. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या दिव्यांगता अभ्यास केंद्राला पाहणी करायला सांगितलं गेलं आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यात त्यांनी २०१७च्या नियमावलीतला १५ क्रमांकाचा कळीचा नियमच रद्दबातल ठरवला. कारण असं : कायदा म्हणतो मानकं पाळलीच पाहिजेत, आणि नियम मात्र वेगवेगळ्या खात्यांच्या अशा पुस्तिकांकडे बोट दाखवतो, ज्यांतली भाषा ‘असावं’, ‘केल्यास बरं’ अशा शिफारशींची. ज्याला पाळायचं नाही त्याला हे ‘असावं’ पुरे होतं. किमान मापं कोणती आणि त्यांत तडजोड नाही, हे वेगळं काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं न्यायालयाने केंद्राला बजावलं. उरलेल्या सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येतील, पण तळ ठरलेला हवा, असा या निकालाचा रोख आहे. एकास बारा हा असाच तळ आहे.

एकदा मनावर घेतलं की किती झटपट होतं याचा एक जुना दाखला आहे. जानेवारी २००१मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेली परिषद आटोपून ते दिल्लीला गेले. त्यांना ऐतिहासिक वास्तू बघायच्या होत्या आणि एकाही ठिकाणी व्हीलचेअर जाण्याची सोय नव्हती. दिव्यांगांच्या चळवळीतले आघाडीचे कार्यकर्ते जावेद अबिदी, जे स्वतः व्हीलचेअर वापरत, यांनी पुरातत्त्व खात्याचा पिच्छा पुरवला. बघता बघता लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर इथे लाकडी रॅम्प उभे राहिले. वास्तूंचं सौंदर्य बिघडतं, नियमात बसत नाही, ही सगळी कारणं एका जगप्रसिद्ध पाहुण्यापुढे विरघळली. पाहुणा गेल्यावर रॅम्प कायमचे करा म्हणून अबिदी आणि त्यांचे सहकारी मागे लागले, आणि काही ठिकाणी ते झालेही.

दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२मध्ये सुरू झाली, तिच्याही बाबतीत असंच घडलं. दिव्यांगांच्या संघटनांनी आरडाओरडा केला, मग सामर्थ्यम या संस्थेच्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या लोकांनी स्थानकं प्रत्यक्ष फिरून तपासली. कुठलं बटण हाताला लागत नाही, कुठली फट चाकाला अडते, याची यादी दिली. पुढच्या सगळ्या मेट्रोंना तो धडा आयता मिळाला. अशा तपासणीला आता सुगम्यता लेखापरीक्षण असं भारदस्त नाव आहे. त्यासाठी खरोखर लागतं ते एवढंच : टेप, चढ मोजायचं साधन, आणि ज्यांना ती जागा वापरायची आहे अशी दोन-चार माणसं. पहिली दोन साधनं सगळ्यांकडे असतात.

गोव्याने जानेवारी २०२३मध्ये पणजीत दिव्यांगांचा ‘पर्पल फेस्ट’ भरवला, तेव्हा काही दिवसांपुरती का होईना, एका आख्ख्या शहराला ही परीक्षा द्यावी लागली. चेन्नईत नोव्हेंबर २०२२मध्ये मरीना किनाऱ्यावर वाळूतून पाण्याच्या दिशेने २६३ मीटरची लाकडी वाट बांधली गेली. व्हीलचेअरवरच्या कितीतरी लोकांनी तिथे आयुष्यात पहिल्यांदा लाटा जवळून बघितल्या. दोनच आठवड्यांत मंदौस चक्रीवादळाने तिचा काही भाग मोडला. ती पुन्हा दुरुस्त करून वापरात आणली, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे मोडलेली सोय म्हणजे ‘ती नव्हतीच बरी’ म्हणायला निमित्त.

हा सगळा उपद्व्याप मूठभर लोकांसाठी, असं मनात येत असेल तर एक आकडा बघावा. २०११मध्येच देशात साठीच्या पुढचे १० कोटींहून जास्त लोक होते. गुडघे धरलेले, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, मोतीबिंदूमुळे पायरी न दिसणारे. त्यांच्यातले फार थोडे स्वतःला दिव्यांग म्हणवतील, पण पायरी त्यांनाही तेवढीच अडवते. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८पासून रुळावरची ट्रॉली धावते. त्याआधी देवीच्या दर्शनाला सुमारे पाचशे पायऱ्या होत्या. आता ट्रॉलीच्या रांगेत व्हीलचेअर असतात, नऊवारीतल्या म्हाताऱ्या असतात, कडेवर मूल घेतलेल्या लेकुरवाळ्या असतात आणि पायात पेटके आलेले धट्टेकट्टे जवानही असतात. रायगडाच्या रोपवेने तर १९९६पासून किती आजी-आजोबांना महाराजांच्या समाधीपर्यंत पोचवलं असेल.

सरकारला बोलून झालं की शेवटी प्रश्न येतो आपल्या स्वतःच्या सोसायटीचा. इथे कायद्यापेक्षा सर्वसाधारण सभेचं वजन जास्त. स्टिल्टवर बांधलेल्या असंख्य इमारतींत लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या आहेत. कडेला सिमेंटचा एक उतार असतो, तो खरं तर स्कूटर वर चढवायला केलेला. चौथ्या मजल्यावरच्या काकांना अर्धांगवायू झाला की मुलगा सेक्रेटरीला रॅम्पबद्दल अर्ज देतो. विषय ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली पुकारला जातो. कुणी सौंदर्य काढतं, कुणी खर्च काढतं, कुणी म्हणतं दोनच महिन्यांचा प्रश्न आहे, आम्ही उचलू की.

टेप लावून बघितलं तर गोष्ट अवघड नाही. तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिलिमीटर, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर. तो सरळ काढायला जागा नसेल तर मध्ये वळण देऊन दोन तुकडे करता येतात, प्रत्येकी २.७ मीटरचे, वळणावर दीड मीटरचा चौथरा. असा दुमडलेला रॅम्प ४.२ मीटर लांबी आणि अडीच मीटर रुंदीत बसतो. गाडीच्या एका पार्किंगची जागा साधारण ५ मीटर बाय अडीच मीटर असते. तेव्हा हिशोब जुळतो, मिस्त्री मिळतो, पैसेही दुरुस्ती निधीतून निघतात. राहतं ते कुणाची गाडी हलवायची हे ठरवणं, आणि त्यावर सभा रात्री अकरापर्यंत चालू शकते.